हार्ड डिस्क उडाली... आता?

शुक्रवारची संध्याकाळ. सोमवारच्या प्रेझेंटेशनच्या शेवटच्या तीन स्लाइड्स बाकी आहेत, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘कुठे भेटायचं’चा वाद रंगलाय आणि नेमका तेव्हाच तुमचा लॅपटॉप संपावर जातो. आधी नुसतेच गोल गोल फिरणारे पांढरे ठिपके. मग काळा स्क्रीन. आणि त्यावर एकच कोरडी ओळ, ‘नो बूटेबल डिव्हाइस’. कान देऊन ऐकलंत तर आतून आवाज येतो... टिक, टिक, टिक. आजोळच्या भिंतीवरच्या घड्याळासारखा.

अशा वेळी आपण सगळे एकच उपाय करतो. बंद-चालू. परत बंद-चालू. मग मनातल्या मनात बाप्पाला हाक आणि पुन्हा एकदा बंद-चालू. फ्रेंड्स, बाकी काहीही करा, पण टिकटिक ऐकू येत असेल तर हे करू नका. त्या डब्यात बाजारात विकत न मिळणारी एकच गोष्ट आहे, तुमचा डेटा, आणि प्रत्येक बंद-चालूला तुम्ही तीच पणाला लावताय. नवी डिस्क काही हजारांत येते. विंडोज मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून फुकट उतरवता येतं. आणि लॅपटॉप? तो तर बहुतेक वेळा मेलेलाच नसतो!

आत नेमकं होतं काय, ते एकदा समजून घ्या. २०१६ ते २०१९च्या सुमारास आपल्यापैकी कितीतरी जणांनी ईएमआयवर जे लॅपटॉप घेतले, त्यात एक टेराबाइटची, फिरत्या तबकड्यांची हार्ड डिस्क असायची. ही तबकडी मिनिटाला ५,४०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला ९० गिरक्या. तिच्यावरचा डेटा वाचणारं हेड तबकडीला टेकत नाही, हवेच्या थरावर तरंगतं. दोघांमधली फट काही नॅनोमीटरची, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी. आता विचार करा, चालू लॅपटॉप तुम्ही बेडवर किती वेळा आपटलाय? शटडाऊन पूर्ण होण्याआधीच तो सॅकमध्ये कोंबून ८.१२ची फास्ट किती वेळा पकडलीय? हेड एकदा का तबकडीवर घासलं की ओरखडा उठतो. टिकटिक म्हणजे ते हेड बिचारं आपली जागा शोधायला जातं, सापडत नाही म्हणून परत येतं, पुन्हा जातं. प्रत्येक फेरीला ओरखडा वाढायची शक्यता आहेच.

(जाता जाता एक गंमत. आयबीएमने १९५६ साली पहिली हार्ड डिस्क आणली, तेव्हा तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात आणि क्षमता चार एमबीच्याही आत. आज फोनवर काढलेला एखादा फोटोदेखील त्यात जेमतेम बसला असता.)

अर्थात, लॅपटॉप सुरू होत नाही म्हणजे डिस्क गेलीच असंही नाही. टिकटिक नसेल तर थोडं डिटेक्टिव्ह काम करा. पॉवर बटण दाबल्या दाबल्या एफ २ किंवा डिलीट दाबून बायोसमध्ये जा आणि यादीत डिस्कचं नाव दिसतंय का बघा. बऱ्याच कंपन्या डिस्कची टेस्ट लॅपटॉपमध्येच देतात. डेलवर एफ १२ दाबून आणि एचपीवर एस्केप दाबून तिथवर जाता येतं. नाव दिसतंय, टेस्टही पास होते, पण विंडोज येत नाही? मग दुखणं बहुतेक सॉफ्टवेअरचं आहे. नाव येतं-जातं? केबल सैल झाली असेल किंवा डिस्क शेवटच्या घटका मोजत असेल. नाव अजिबातच नाही आणि टिकटिक चालू आहे... तर मग कळलंच.

आणि ज्यांचा लॅपटॉप अजून चालू आहे पण रडतखडत चालतोय, त्यांच्यासाठी. टास्क मॅनेजर उघडला की ‘डिस्क १०० टक्के’ दिसतं, एखादं फोल्डर उघडायला चहा होतो, एखादी फाइल कॉपी होताना अर्ध्यात अडकते. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटंसं, फुकट सॉफ्टवेअर आहे. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवत असते, ती हे वाचून दाखवतं. निळा रंग म्हणजे ठीक. पिवळ्यात ‘कॉशन’ आलं तर डिस्कवरच्या काही जागा निकामी झाल्यात किंवा होऊ घातल्यात. लाल आलं तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी फाइल्स कॉपी करायला घ्या, सीरियसली!

काउंटरवर काय बोलाल?

माझी एक मैत्रीण, ठाण्याची, एका बँकेत काम करते. तिचा लॅपटॉप असाच बसला. दुसऱ्या दिवशी ऑडिट. ऑफिसमधून येता येता ती स्टेशनजवळच्या एका दुकानात शिरली. संवाद साधारण असा झाला:

‘दादा, चालूच होत नाहीये. उद्या सकाळी हवाच आहे.’

‘मॅडम, विंडोज उडालंय. फॉरमॅट मारावं लागेल.’

‘मारा, पण उद्या द्या.’

दुसऱ्या दिवशी लॅपटॉप अगदी चकाचक सुरू झाला. डेस्कटॉप रिकामा. आजीच्या पंचाहत्तरीचे फोटो, बाबांच्या जुन्या फोनमधून उतरवून घेतलेलं सगळं, भावाच्या हळदीचा व्हिडिओ, काही म्हणजे काही नाही. दुकानातल्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला सांगितलं होतं ‘चालू करून दे’, त्याने दिला. पुढे एका डेटा रिकव्हरीवाल्याने निम्म्याहून कमी फोटो परत मिळवले, तेही मूळ नावं आणि फोल्डर्स गेलेले, नुसते नंबर. हळदीच्या व्हिडिओची फाइल मिळाली, ती उघडत नाही. आजी आता नाही.

आपल्याकडे ‘फॉरमॅट मारणे’ हा रामबाण उपाय झालाय. ताप आला की क्रोसिन, लॅपटॉप अडला की फॉरमॅट! गंमत म्हणजे मरणाऱ्या डिस्कवर तो उपाय लागूही पडत नाही. मैत्रिणीची डिस्क महिन्याभरात पुन्हा बसली. नवं विंडोज जुन्या फाइल्सच्या जागेवर जाऊन बसलं, ते नुकसान वेगळंच.

म्हणून लॅमिंग्टन रोडला जा, पुण्यात टिळक रोडला जा नाहीतर गल्लीतल्या दुकानात, पहिलं वाक्य एकच, ‘मला आतला डेटा हवाय. डिस्कवर काहीही लिहायचं नाही, फॉरमॅट करायचं नाही.’ दुसरं वाक्य, ‘जुनी डिस्क मला परत हवी.’ ही दोन वाक्यं शक्यतो पावतीवर लिहून घ्या. लाजायचं काय त्यात? गाडी सर्व्हिसिंगला देताना जुना पार्ट मागतोच की आपण.

डेटा बाहेर कसा काढायचा? डिस्क टिकटिकत नसेल, बायोसमध्ये दिसत असेल, तर घरीही जमण्यासारखं आहे. एक मार्ग म्हणजे दुसऱ्या कम्प्युटरवरून उबुंटू किंवा लिनक्स मिंटचा पेनड्राइव्ह बनवायचा आणि आपला लॅपटॉप त्याच्यावरून सुरू करायचा. डिस्कवरच्या विंडोजला हात न लावता फाइल्स दिसतात, त्या बाहेरच्या डिस्कवर ओढून घ्यायच्या. दुसरा मार्ग, डिस्क बाहेर काढून यूएसबी केसिंगमध्ये घालायची आणि मित्राच्या लॅपटॉपला लावायची. केसिंग काही शे रुपयांत मिळतं. कोणताही मार्ग घ्या, सगळ्यात मोलाचं आधी उचला. सिनेमांचं फोल्डर ८० जीबीचं आहे म्हणून ते आधी लावून झोपायला जाऊ नका. डिस्कचा श्वास मध्येच थांबला तर हाती राहील फक्त सिनेमा!

थोडं टेक्निकल डोकं असलेला दोस्त असेल तर त्याला डीडीरेस्क्यू हे नाव सांगा. हा प्रोग्रॅम आधी डिस्कचा धडधाकट भाग भराभर उचलून घेतो आणि खराब जागांशी झटापट नंतर करतो. साध्या कॉपी-पेस्टचं नेमकं उलट असतं. ते पहिल्याच खराब जागेपाशी अडून बसतं. आणि हो, आजारी डिस्कवर चेकडिस्क चालवू नका. ते डिस्कला ‘दुरुस्त’ करायच्या नादात तिच्याकडून ढोरमेहनत करून घेतं आणि वर फाइल्सची मोडतोड होते. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा तो फेमस नुस्खासुद्धा विसरा. बाहेर काढली की आत दव धरतं, विशेषतः मुंबईच्या हवेत. डिस्क उघडून बघायचा मोह तर अजिबात नको. तिच्यावर एक बारीक भोक असतं, त्याच्या शेजारी ‘हे झाकू नका’ असं छापलेलं असतं. आत येणारी हवासुद्धा गाळून घेणाऱ्या त्या जागेत तुमच्या हॉलमधली धूळ गेली, तर विषयच संपला.

टिकटिकणारी डिस्क मात्र घरचं काम नाही. ती थेट डेटा रिकव्हरी लॅबमध्ये. तिथे धूळमुक्त खोलीत डिस्क उघडतात, गरज पडली तर दुसऱ्या डिस्कची हेड्स बसवतात. बिल हजारांत येतं आणि सगळं मिळेल याची हमी कुणी देत नाही. तेव्हा आधी स्वतःला विचारा, त्या डिस्कवर असं काय आहे, जे गूगल फोटोजवर नाही, ऑफिसच्या मेलमध्ये नाही, कुणा भावंडाच्या फोनमध्ये नाही? कधी कधी उत्तर ‘काहीच नाही’ असतं. मग डिस्कला रामराम ठोका आणि पुढे चला. उगाच हळवं व्हायचं कारण नाही.

आणखी एक अडथळा सांगून ठेवतो. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिस्क आपोआप कुलूपबंद होते, बिटलॉकरने. अशी डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते. घाबरू नका. फोनवरून आपल्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये लॉगिन करा, ती की बहुधा तिथेच सेव्ह झालेली असते. लॅपटॉप धडधाकट असतानाच ती कागदावर उतरवून ठेवलीत तर सोन्याहून पिवळं.

‘k`मk’ आणि इतर भुतं

कॉपी काय काय करायचं? डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाऊनलोड्स हे सगळ्यांना आठवतं. डेस्कटॉपही आठवतो, कारण आपलं निम्मं आयुष्य तिथेच पसरलेलं असतं. विसरतं ते वेगळंच. आउटलुकची पीएसटी फाइल. ब्राउझरमधले बुकमार्क्स आणि पासवर्ड्स. घरात कुणी टॅली वापरत असेल तर तिचं डेटा फोल्डर, ते डॉक्युमेंट्समध्ये असेलच असं नाही.

आणि खास आपल्या लोकांसाठी, फॉण्ट्स! आईने सोसायटीच्या नोटिसा, बाबांनी निवृत्तीनंतर लिहायला घेतलेल्या आठवणी, काकांची कुळाची वंशावळ, हे सगळं कृतिदेव, शिवाजी नाहीतर श्रीलिपीच्या फॉण्टमध्ये टाइप केलेलं असतं. हे फॉण्ट्स युनिकोडच्या आधीच्या जमान्यातले. कम्प्युटरच्या लेखी ती मराठी नसतेच, इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात. फॉण्ट त्यांना फक्त देवनागरीचा मुखवटा चढवतो. नव्या विंडोजवर तो फॉण्ट नसला की मुखवटा उतरतो आणि बाबांच्या आठवणींच्या जागी कंस, डॉलर आणि स्वल्पविरामांची रांगोळी दिसते. फाइल खराब झालेली नसते, पण बघणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकतो. तेव्हा जुन्या डिस्कवरच्या विंडोज फोल्डरमधलं फॉण्ट्स हे फोल्डरही उचलून ठेवा. नंतर निवांतपणे ते सगळं युनिकोडमध्ये बदलून घेता येईल.

आता शॉपिंग! (हा भाग आपल्याला आवडतो.) नवी फिरती हार्ड डिस्क घेऊ नका. एसएसडी घ्या. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, मेमरी चिप्स असतात. जुनी लॅपटॉप डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते, तर साधी साटा एसएसडी ५०० एमबीच्या आसपास. पण खरा फरक बारक्या बारक्या फाइल्समध्ये जाणवतो आणि विंडोज सुरू होणं म्हणजे हजारो बारक्या फाइल्स वाचणंच. जो डबा तीन-चार मिनिटं घ्यायचा तो पंधरा-वीस सेकंदांत उभा राहतो. माझ्या मते जुन्या लॅपटॉपवर पैसे खर्च करायची यापेक्षा चांगली जागा नाही. रॅम चार जीबीच असेल तर तीही त्याच फेरीत वाढवून घ्या.

कुठली एसएसडी, हे मात्र लॅपटॉप बघून ठरवा. जुन्या मॉडेलमध्ये अडीच इंची साटा डिस्क असते, तिच्या जागी त्याच मापाची एसएसडी सरळ बसते. काही लॅपटॉपमध्ये च्युइंगगमच्या पट्टीएवढी एम डॉट टू एसएसडी लागते, २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब. त्यातही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार. दिसतात जुळ्या बहिणींसारख्या, पण एकीच्या जागी दुसरी चालेलच असं नाही. लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल नाव, खालच्या स्टिकरवरचं, फोटो काढून सोबत न्या. आणि दुकानदाराशी ‘५०० लिहिलंय आणि ४६५च दिसतंय’ म्हणून भांडू नका. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १,०२४ने. एक टेराबाइटची डिस्क म्हणूनच ९३१ जीबी दिसते. उलट ऑनलाइन कुणी दोन टेराबाइट मातीमोल भावात देत असेल तर लांब राहा. आत भलतंच काहीतरी असतं. वर २०२५च्या शेवटापासून मेमरी चिप्सचे भाव चढायला लागले, त्यामुळे ‘स्वस्त’ दिसलं की जास्तच शंका घ्या.

लॅपटॉप उघडायच्या आधी दोन अटी. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर स्क्रूलाही हात लावू नका, आयटीवाल्यांना फोन करा. त्यांना त्याचाच पगार मिळतो. आणि वॉरंटी बाकी असेल तर सर्व्हिस सेंटरला आधी विचारा, डिस्कच बदलून मिळेल फुकटात. फक्त तिथेही जुनी डिस्क कंपनी ठेवून घेते का, हे नक्की करा.

बाकी काम दिवाळीत कंदील बांधण्याइतकंच अवघड आहे. चार्जर काढा, बॅटरी निघत असेल तर काढा. आतली बॅटरी असेल तर झाकण उघडल्यावर सगळ्यात आधी तिचा कनेक्टर सोडवा. स्क्रू सगळे एका मापाचे नसतात. कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढा आणि जो स्क्रू जिथला, तिथे सेलोटेपने चिकटवा. झाकण निघत नसेल तर जोर लावू नका, रबरी पायाखाली किंवा स्टिकरखाली एखादा स्क्रू लपलेला असतो. स्क्रू संपले की जुनं एटीएम कार्ड कडेने फिरवा, खटके सुटत जातात. डिस्कला हात लावण्याआधी एखाद्या उघड्या धातूला, म्हणजे खिडकीच्या गजाला वगैरे, स्पर्श करा, म्हणजे अंगावरची स्थिर वीज उतरेल. जुन्या डिस्कभोवतीची धातूची चौकट नव्या एसएसडीला चढवा, तशीच सरकवा, झालं. चपट्या रिबन केबल्सचं कुलूप बारीक असतं, तेवढी नजर ठेवा.

विंडोज टाकायचंय? ‘ओरिजिनल की नॉर्मल?’

हा प्रश्न फक्त आपल्याकडेच विचारला जात असेल. ‘नॉर्मल’ म्हणजे क्रॅक केलेलं! आता खरी गोष्ट ऐका. लॅपटॉप घेताना त्यावर विंडोज आलेलं असेल तर त्याचे पैसे तुम्ही तेव्हाच दिलेत. त्याचा परवाना डिस्कशी नाही, मदरबोर्डशी बांधलेला असतो. त्यामुळे डिस्क बदलली तरी तीच एडिशन टाकली की नेटला जोडल्यावर विंडोज स्वतःहून अ‍ॅक्टिव्हेट होतं. स्वतःच्या हक्काचं सोडून अँटिव्हायरस बंद करून चालवायचा तो क्रॅक कशाला, जो नेटबँकिंगच्या मशीनवर बसून काय करतो हे कुणालाच माहीत नसतं? (काही हजार वाचवायला ज्यांनी डॉसवालं मॉडेल घेतलं होतं, त्यांचा मात्र परवाना नसतो. त्यांच्यासाठी पुढे लिनक्स आहेच.)

कृती सोपी आहे. कुठल्याही चालू कम्प्युटरवर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल उतरवा, किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह लावा, त्यावरचं सगळं पुसलं जाईल हे लक्षात ठेवा. तो पेनड्राइव्ह आपल्या लॅपटॉपला लावून बूट मेनूतून निवडा. डेल आणि लेनोव्होवर सहसा एफ १२, एचपीवर एफ ९. प्रॉडक्ट की विचारली तर ‘आय डोण्ट हॅव अ प्रॉडक्ट की’ दाबा आणि बिनधास्त पुढे जा. डिस्क निवडायच्या स्क्रीनवर नवी एसएसडी ‘अनअलोकेटेड स्पेस’ म्हणून दिसेल, ती निवडून नेक्स्ट. जुनी डिस्क यूएसबीला लावलेली असेल तर या वेळी काढून ठेवा, चुकून तीच निवडली तर सगळ्या मेहनतीवर पाणी.

या स्क्रीनवर डिस्कच दिसत नसेल तर डिस्क खराब असल्याची बोंब ठोकू नका. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या काही लॅपटॉपवर विंडोजला आधी इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर द्यावा लागतो. लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून तो आणि वाय-फायचा ड्रायव्हर आधीच पेनड्राइव्हवर टाकून ठेवा. सेटअपमध्ये वाय-फाय दिसलंच नाही तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, बहुतेक वेळा काम होतं.

आता लाखमोलाचा प्रश्न, दहा टाकायचं की अकरा? विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. घरगुती ग्राहकांसाठी वाढीव सिक्युरिटी अपडेट्सची योजना काढली, तिची मुदत १३ ऑक्टोबर २०२६. आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० चिप लागते, इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. म्हणजे २०१८ नंतरचा लॅपटॉप बहुधा पास, २०१६चा बहुधा नापास. पडद्यामागून अकरा बसवायच्या युक्त्या आहेत, पण मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला अपडेट्सची हमी देत नाही.

नापास झालेल्यांनी लॅपटॉप भंगारात काढायची घाई करू नये. मेल, ब्राउझर, सिनेमा, मुलांचा अभ्यास, एवढंच असेल तर लिनक्स मिंट टाकून बघा. फुकट आहे, दिसायला विंडोजची चुलत बहीण आहे आणि एसएसडीवर जुनं मशीन सुसाट पळतं. टॅली, फोटोशॉप किंवा ऑफिसच्या अवघड एक्सेल शीट्सवर पोट असेल तर मात्र लिनक्सच्या वाटेला जाऊ नका, चिडचिड होईल.

विंडोज उभं राहिलं की अपडेट्स पूर्ण होऊ द्या, मग फाइल्स परत आणा. मराठी टायपिंगसाठी वेगळं काही उतरवायची गरज नाही. विंडोज १० च्या २०१९मधल्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे, लँग्वेज सेटिंगमध्ये जाऊन जोडला की झालं.

एसएसडीचं एक मात्र ठाऊक असू द्या. ती जाताना टिकटिक करत नाही. काल चालू, आज यादीतही नाही, असं तिचं जाणं असतं. शिवाय तिच्यावर डिलीट केलेल्या फाइल्सच्या जागा ती मागच्या मागे स्वतःच साफ करत असते, त्यामुळे चुकून उडालेलं परत मिळण्याची आशा जुन्या डिस्कपेक्षा कमी. बाहेरची एक डिस्क घ्या, रविवारी दुपारी जेवण झालं की लावा आणि कॉपी चालू करून ताणून द्या. कॉपी झाली की डिस्क काढून कपाटात. सतत जोडून ठेवलेली डिस्क एखाद्या व्हायरसच्या तावडीत लॅपटॉपबरोबरच सापडते.

राहिली जुनी डिस्क. कॉपी केलेलं सगळं उघडतंय याची खात्री होईपर्यंत, निदान तीन-चार महिने, तिला ड्रॉवरमध्ये राहू द्या. भंगारवाल्याला तशीच देऊ नका. लॅपटॉपला वाचता येत नाही म्हणजे कुणालाच वाचता येत नाही असं नसतं आणि तिच्यावर तुमचं पॅन कार्ड, आधार, सॅलरी स्लिप सगळं आहे. चालत असेल तर पूर्ण पुसून घ्या. बंद असेल तर गॉगल लावून ड्रिल मशीनने तबकडीच्या आरपार दोन-तीन भोकं पाडा आणि मग ई-वेस्ट गोळा करणाऱ्या केंद्रात द्या. लॅपटॉपमधल्या काही डिस्कच्या तबकड्या काचेच्या असतात, त्यांचे बारीक तुकडे उडतात. तेव्हा हे काम बाल्कनीत, वर्तमानपत्र अंथरून करा आणि घरातल्या लहान मुलांना तेवढा वेळ लांब ठेवा.